काचेवरचा थर

पनवेल, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय गणूकाका,

नमस्कार. काकूलाही सांगा.

मागच्या रविवारी करंज्याला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "काम तरी काय करतस तू?" मी तुमच्या कानाशी ओरडून सांगायला लागले, तर शेजारच्या बायका ओट्यावर उभ्या राहून बघायला लागल्या. त्यांना वाटलं, काका-पुतणीचं जुंपलं. तुम्ही मान हलवलीत, पण तुम्हाला एक अक्षर कळलं नव्हतं, ते मला दिसलं. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाइलवरची बारीक अक्षरं तुम्ही वाचत नाही, तेव्हा आपल्या दोघांना कागदच बरा. सखूबाई मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात येतेच. तिच्याकडे देत जाईन, तुम्हीही तिच्याकडेच द्या.

तर ऐका, म्हणजे वाचा. तळोज्यातलं आमचं वर्कशॉप लहान आहे, माणसं मोजकी. मालकीण अरुंधती मॅडम. मधोमध एक आडवं पोलादी पिंप आहे, त्याला चेंबर म्हणतात. त्यात वस्तू ठेवायची, झाकण आवळायचं आणि पंपानं आतली हवा काढून घ्यायची. मग खरी गंमत. बाहेर असताना स्वच्छ, कोरडी दिसणारी वस्तू आत काय काय सोडायला लागते! धातूच्या अंगाला चिकटलेली पाण्याची वाफ, रबरातलं तेल, गोंदातला वास. कुणाच्या बोटाचा ठसा राहिला असेल, तर त्यातला चिकटपणासुद्धा. हवा असते तोवर हे सगळं गप्प बसून असतं. हवा गेली की बाहेर पडतं आणि समोर जे थंड असेल त्यावर जाऊन बसतं.

वर आकाशात तर हवा नाहीच. तिथे पाठवलेल्या कॅमेऱ्याजवळ एखादी रबरी चकती तेलकट निघाली, तर ते तेल भिंगावर बसतं आणि कॅमेरा आंधळा होतो. तिथे जाऊन फडक्यानं पुसणार कोण? म्हणून वस्तू इथेच चेंबरमध्ये तापवायची आणि तिला जे सोडायचंय ते सोडायला लावायचं. शेजारी काचेची एक पट्टी टांगतो. शेवटी पट्टी स्वच्छ निघाली, तर वस्तू पास.

पुण्याची काही मंडळी एक छोटा उपग्रह बनवतायत. त्यातल्या कॅमेऱ्याचं भिंग धरणारी कडी जानेवारीत आमच्याकडे येणार आहे, आणि मॅडमनी ते काम माझ्यावर सोपवलंय. वीस फेब्रुवारीपर्यंत कडी पुण्याला पोचली नाही, तर उपग्रहाचं खोकं कॅमेऱ्याशिवायच बंद करतील. काम नीट झालं तर मला कायम करणार. नाही झालं तर काय, ते मॅडमनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सध्या एकच वैताग आहे. कडी ज्या स्टँडवर बसवायची, त्याचे स्क्रू स्टीलचे आणि स्टँडही स्टीलचा. तापून थंड झाले की असे धरून बसतात की सोडवताना डोकी तुटतात. तेलाचा थेंब लावायची सोय नाही, कारण तेलच तर नको. मापासाठी एक स्क्रू सोबत ठेवलाय. तुम्ही असता तर काय केलं असतं?

तुमची समृद्धी


करंजा, २१ नोव्हेंबर

चि. समृद्धीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. सखूबाईनं ते टोपलीच्या तळाशी ठेवलं होतं, त्यामुळे पहिल्या दोन ओळी मासळीच्या पाण्यात गेल्या. बाकीचं वाचलं. काकूलाही वाचून दाखवलं. तिनं मला खुणेनं विचारलं, पोरगी जेवते का वेळेवर? त्याचं उत्तर तुझ्या पत्रात नाही, पुढच्या वेळी लिही.

तुझं काम मला कळलं. हे तर बोंबील वाळवणं झालं. बोंबील वरून वाळला तरी काट्याशी ओल राहते. घाईनं डब्यात भरलास की ती ओल सुटते आणि डबाच्या डबा नासतो. म्हणून काडीसारखा वाजेपर्यंत उन्हातल्या वलांडीच्या बांबूवरून काढायचा नाही. तुमचं तेच, फक्त उन्हाऐवजी पंप.

आता स्क्रूचं. लोखंडात लोखंड घालशील तर दोघे सख्ख्या भावांसारखे अडून बसणार, कुणी मागे सरणार नाही. वेगळा धातू घाल. होडीवर पाण्याच्या वर जिथे जिथे उघडझाप असते, तिथे मी जन्मभर पितळ घातलं. गंजत नाही, धरून बसत नाही, तेल मागत नाही. माझ्या हत्यारांच्या पेटीत जुन्या होडीची पितळी दांडी पडून होती. उरणच्या लेथवाल्याकडून तुझ्या मापाचे स्क्रू करून घेतले. सोबत पुडी आहे. हल्लीचं हलकं पितळ नव्हे हे, वाजवून बघ.

मी बरा आहे. बंदरावर जात नाही. होडी तपासायची म्हणजे फळी ठोकून आतला आवाज ऐकायचा. तो ऐकू येत नाही, मग सुतारानं तिथे जाऊन काय माशा मारायच्या? लोक तोंड हलवतात, मी मान हलवतो. वर्ष झालं, ओट्यावरच बसून असतो. तू विचारलंस म्हणून पेटी तरी उघडली.

गणूकाका


पनवेल, १४ डिसेंबर

प्रिय गणूकाका,

जेवते वेळेवर. दिपिका, माझ्या खोलीत राहते ती, भाकरी चांगली करते.

तुमचे स्क्रू लोण्यात सुरी जावी तसे बसले, आणि गरम होऊन थंड झाल्यावर नुसत्या बोटांनी सुटले! माझ्याबरोबर काम करणारा विनायक बघतच राहिला. म्हणाला, कुठून आणलेस? मी म्हटलं, घरचे आहेत. स्क्रू आधी साबणात, मग स्पिरिटमध्ये धुऊन घेतले. मंद आचेवर चेंबर दोनदा चालवून बघितला, काचेची पट्टी चकचकीत.

एक सांगून ठेवते. हे स्क्रू फक्त स्टँडला आहेत. स्टँड इथेच राहतो, वर फक्त कडी जाणार. काकूला नीट सांगा, नाहीतर ती सगळीकडे भलतंच सांगत सुटेल.

आणि तुमचं पत्र मला गेटवर उभं राहून वाचावं लागलं. बोंबलाचा वास घेऊन आत गेले असते, तर मॅडमनी मलाच चेंबरमध्ये घालून तापवलं असतं.

तुमची समृद्धी


करंजा, २२ डिसेंबर

चि. समृद्धीस आशीर्वाद.

भलतंच सांगत सुटली ती काकू नव्हे, सखूबाई. पुडी तिनंच पोचवलेली ना! तिनं बाजारात सांगितलं, बाजारानं कोळीवाड्यात सांगितलं. परवा वाड्यातला कुंदन घरी आला. त्यानं नुकतीच लाकडी होडी घेतलीय, जुनीच. मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहून मला दाखवलं, 'बाबा, तुमचा पितळ आभालात चाललाय खरा?' मी म्हटलं, स्टँडला आहे रे. त्यानं काय ऐकलं कुणास ठाऊक, मला हाताला धरून बंदरावर घेऊन गेला.

समृद्धी, वर्षानं गेलो. जेट्टीवर दहा माणसं भोवती जमली. कुणी चहा आणला, कुणी बसायला क्रेट दिला. पितळ कसलं, आटे कुणी पाडले, वर थंडी किती असते, सगळं मोबाइलवर लिहून विचारत होते, आणि मी सांगत होतो. मला माझा आवाजही ऐकू येत नाही, पण घसा दुखला तेव्हा कळलं की पुष्कळ बोललो. स्टँडचंही सांगितलं, बहुतेक सांगितलं. एवढी माणसं कौतुकानं बघत असताना इतकं बारीक कोण सांगत बसतं?

आता रोज सकाळी जातो. काकू खूश आहे, तिचा ओटा मोकळा झाला. तू विचारलं नसतंस तर मी तिथेच बसून वाळलो असतो, हे लिहायला लाज वाटत नाही मला.

गणूकाका


पनवेल, २५ जानेवारी २०२६

प्रिय गणूकाका,

पत्राला उशीर झाला. काम अडकलंय.

कडी आली. स्वच्छ केली, हातमोजे घालून स्टँडवर बसवली. पुण्याच्या मंडळींनी सांगितलेली आच फार जास्त आहे, आधी आम्ही चेंबर इतका तापवला नव्हता. थंड झाल्यावर उघडला, तर काचेच्या पट्टीवर थर. तेलाचा नाही. करडा, आरशासारखा. कडीवरही तोच. पुन्हा सगळं धुतलं, पुन्हा चालवलं. थर आधीपेक्षा जाड.

कडी पुन्हा पुन्हा घासली तर तिचं माप जाईल, म्हणजे फार वेळा चुकता येणार नाही. विनायक म्हणतो पंपातलं काहीतरी मागे येतंय. मला वाटतं विनायकनं पुसताना काहीतरी वापरलं. त्याला वाटतं मी. दोघं एकमेकांशी अति गोड बोलतोय. मॅडम नुसती पट्टी उजेडात धरून बघत बसतात. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हे काम माझ्या हातून जाईल की काय अशी भीती वाटते, काका.

तुमची समृद्धी


करंजा, ३० जानेवारी

चि. समृद्धीस अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. होडीत पाणी शिरलं की आधी सगळे एकमेकांकडेच बघतात, भोकाकडे नंतर. तो विनायक डोक्याला तेल लावतो का? लावत असेल तर त्याला टोपी घालायला लाव. पंप खोलून बघा. झाकणाच्या कडेचं रबर बघा. माझं पितळ सोडून बाकी सगळं एकेक करून काढा, सापडेल. काकूनं तुझ्या नावानं दर्याला नारळ दिला आहे, तेव्हा तिकडची बाजू भक्कम समज.

इकडची बातमी. होळीला कोळीवाड्यात आपल्या दोघांचा सत्कार ठरलाय. शाल आणि श्रीफळ. मी नको म्हटलं, पण फार जोरात नाही म्हटलं. उरलेल्या दांडीचे आणखी स्क्रू करायला टाकलेत, तुमच्या मॅडमना भेट म्हणून. पितळ घासून असं झळकवलंय की लेथवाला म्हणाला, नाकात घालायला होईल.

काम होणार. तू माझ्या हाताखाली रंधा धरायला शिकलेली पोर आहेस.

गणूकाका


पनवेल, १२ फेब्रुवारी

प्रिय गणूकाका,

सापडलं. झाकणाजवळच्या एका रबरी चकतीचा दोष होता. चकती बदलली. चेंबर आतून घासून काढला, हात सोलले, पण आता स्वच्छ आहे. कडीला एकच संधी उरलीय. उद्या पुन्हा चालवणार.

तुमच्या स्क्रूंचा काही प्रश्न नाही. पण आता आणखी पाठवू नका, भरपूर आहेत. मॅडमना भेटी वगैरे आवडत नाहीत. आणि सत्काराचं राहू दे ना काका. मला होळीला सुट्टी मिळेल असं वाटत नाही.

तुम्ही बंदरावर जाताय ना रोज? जात राहा.

समृद्धी


तळोजा, २३ फेब्रुवारी

श्री. गणपत नाखवा यांना नमस्कार.

तुमची चिठ्ठी आणि स्क्रूंची पेटी सखूबाईंनी गेटवर आणून दिली. बरोबर सुके बोंबीलही होते. ते मी घरी नेले, ते परत मिळणार नाहीत. स्क्रू मात्र परत पाठवते आहे. ते वाईट म्हणून नव्हे. इतकं सुबक काम मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. पण आमच्या चेंबरमध्ये पितळ चालत नाही.

समृद्धीनं तुम्हाला सगळं लिहिलं असेलच, तरी माझ्या बाजूनं सांगते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवा काढून खूप तापवलं की त्यातलं जस्त वाफ होऊन निघून जातं आणि समोरच्या थंड वस्तूवर बसतं. आमच्या काचेवरचा तो करडा थर म्हणजे तुमच्या स्क्रूंमधलं जस्त. आम्ही तीन आठवडे कडी धूत बसलो, पंप खोलला, एकमेकांवर संशय घेतला. स्टँडकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण स्टँड आमचाच. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, तरी रोज समोर दिसणारे स्क्रू मला दिसले नाहीत.

ते दिसले समृद्धीला. स्टँड सोडवताना तिच्या लक्षात आलं की पिवळे स्क्रू तांबूस आणि खरखरीत झालेत. ती तशीच हातात स्क्रू घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, हे मी घातले. तुम्हाला न विचारता." मी तिला खूप बोलले. मग चांदीचा मुलामा दिलेले स्टीलचे स्क्रू मागवले. तेही धरून बसत नाहीत आणि काही सोडत नाहीत. चेंबर तिनं एकटीनं आतून स्वच्छ केला.

तेरा तारखेला पट्टी स्वच्छ निघाली. कडी मुदतीच्या आधी पुण्याला पोचली. समृद्धीला मी कायम केलं आहे. चूक लपवणारी माणसं आमच्या कामात धोक्याची असतात, आणि ती तशी नाही. हे तुमच्या घरचं वळण असावं असं मला वाटतं.

आपली,
अरुंधती


करंजा, २६ फेब्रुवारी

समृद्धीस,

तुमच्या मॅडमचं पत्र आलं. तू कायम झालीस, कडी पोचली, आनंद झाला. काकूनं गोड केलं. त्या आनंदात खोट नाही, हे आधी लिहितो.

आता दुसरं. रबरी चकती, नाही का?

मॅडम लिहितात, समृद्धीनं तुम्हाला सगळं लिहिलं असेलच. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. माझं पितळ उघडं पडलं याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. पाण्याखाली पितळ तांबडं पडतं, ठिसूळ होतं, हे मला पोरवयापासून ठाऊक. म्हणून तर ते पाण्याच्या वरच घालतो. तुमच्या चेंबरात पाणी नाही, म्हटलं, मग भीती कसली? मी पाण्याचा विचार केला, आत काहीच नसतं याचा केला नाही. चुकलं. चुकतो माणूस.

पण कान गेल्यापासून मला कुणी खरं सांगत नाही. काकूला विचारलं काय झालं, तर हात हलवते, 'काय नाय.' पोरं हसतात, मी विचारलं तर 'काय नाय.' डॉक्टर तिच्याशी बोलतो, माझ्याशी नाही. एक तुझं पत्र होतं, ज्यात मला वाटायचं सगळं आहे तसं लिहिलंय. मालकिणीपुढे छाती काढून खरं बोललीस आणि माझ्यापुढे चकती ठेवलीस. मी एवढा नाजूक झालो काय?

स्क्रूंची पेटी आली. हत्यारांच्या पेटीत ठेवून दिली.

गणूकाका


पनवेल, २८ फेब्रुवारी

प्रिय काका,

चुकलं माझं. हे वाक्य मी आधी शेवटी लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. ते वरच असायला हवं.

का केलं ते सांगते. डिसेंबरात तुमचं पत्र आलं, बंदरावर गेलात ते, तेव्हा मी गेटवर उभी राहून रडले होते. वॉचमननं पाणी आणून दिलं. वर्षभर मी रविवारी घरी यायची आणि तुम्ही ओट्यावर भिंतीकडे बघत बसलेले असायचात. काकू आत डोळे पुसायची. मग एका पुडीनं तुम्ही उठून चालायला लागलात. आणि तीच पुडी माझ्या हातात, तांबडी पडलेली. मॅडमना सांगणं सोपं होतं, त्या फार तर काढून टाकतील. तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही पुन्हा ओट्यावर जाऊन बसलात तर? मला ते बघवलं नसतं. म्हणून चकती लिहिली. लिहिताना वाटलं, किती शहाणी मी.

तुम्ही नाजूक नाही. मी घाबरट.

आता सगळं आहे तसं लिहिते. मॅडमनी मला कायम केलं, पण महिनाभर माझ्याकडून प्रत्येक वस्तू कशाची आहे ते विचारून घेणार आहेत. विनायकची मी माफी मागितली. त्यानं दोन वडापाव घेतले आणि मग माफ केलं. तुमच्या स्क्रूंपैकी एक तांबडा पडलेला मॅडमनी स्वतःच्या टेबलावर ठेवलाय, नवीन येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात.

सत्काराचं तुमच्या मनात काय आहे? होळीला सुट्टी नाही हेही खोटं होतं. मिळेल. मी येते आणि सगळ्यांना मीच सांगते. तुम्हाला काही बोलायला नको.

तुमची समृद्धी


करंजा, ९ मार्च

चि. समृद्धीस पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र होळीच्या आदल्या दिवशी मिळालं. तू येते म्हणालीस, मी सखूबाईकडून उलट निरोप पाठवला की येऊ नकोस. रागानं नव्हे. तू माझ्या वतीनं बोलली असतीस, तर मी पुन्हा मान हलवत बसलो असतो.

होळीच्या संध्याकाळी सगळा वाडा मैदानात. शाल आणलेली, नारळ आणलेला. मी म्हटलं, आधी ऐका. आणि सांगितलं. माझं पितळ आभाळात गेलं नाही, जाणारही नव्हतं. ते तळोज्यात राहिलं, आणि तिथे त्यानं पोरीच्या काचेवर घाण केली. मी तिला चुकीचा सल्ला दिला, तिनं तो ऐकला आणि तिची नोकरी जाता जाता राहिली. तिनं स्वतः शोधून काढलं. शाल द्यायची तर तिला द्या, तीही सुट्टीला आल्यावर.

हसले. फार हसले. हसू ऐकू येत नाही हे एक बरं असतं, पण दात दिसतात की! सखूबाई तर पोट धरून खाली बसली. मी घरी आलो. काकूनं काही विचारलं नाही, मीच तिला सांगितलं, लोक हसले म्हणून. ती म्हणाली, "हसू दे. मी बी हसलू." मला ओठांवरून कळलं. मग आम्ही दोघेही हसलो. पुष्कळ दिवसांनी तिनं मला खरं सांगितलं.

दुसऱ्या सकाळी बंदरावर जावं की नाही, ठरत नव्हतं. पाय ओट्याकडेच वळत होते, लपवत नाही. तेवढ्यात कुंदन दारात. मोबाइलवर लिहूनच आणलेलं. मी ते जसंच्या तसं उतरवून ठेवलं: 'बाबा, माझे होडीला तीन सुतारांनी सांगितला, सगला बरा हाय. मना त्यांचा पटत नाय. तुमी चार लोकांत आपली चूक सांगितलीव. तुमी बगा न खरा सांगा.'

मी म्हटलं, अरे, मला फळीचा आवाज येत नाही. त्यानं माझा हात धरला.

मग असं केलं. मी होडीखाली आडवा झालो, फळीला तळवा लावला, आणि कुंदननं आतून ठोकलं. जिवंत फळी हाताला झिणझिण देते. मेलेली, म्हणजे आतून कुजलेली, नुसती थप्प करते. मला हे ठाऊक नव्हतं, समृद्धी. कान होते तेव्हा हाताला कधी विचारलंच नव्हतं. सबंध दिवस एकेक फळी केली. पुढच्या टोकाला, नाळेजवळच्या दोन फळ्या मेलेल्या निघाल्या, वरून रंग फासलेला. मी त्याला सांगितलं, बदलाव्या लागतील, खर्च आहे. त्याचं तोंड उतरलं. मग म्हणाला, आणि या वेळी मोबाइलवर न लिहिता माझ्यापुढे तोंड धरून सावकाश म्हणाला, "बरा झाला. दर्यान कललं असतं तं?"

कालपासून फळ्या काढायला घेतल्या आहेत. हात दुखतात, कंबर तर विचारू नकोस. आणखी एका होडीवाल्यानं विचारून ठेवलंय. खरं सांगतो, मला भीतीही वाटते, सगळंच हाताला कळेल असं नाही. जिथे कळणार नाही तिथे कळलं नाही म्हणून सांगणार.

तुमच्या मॅडमना नमस्कार सांग. चांदीचा मुलामा कसा देतात, ते मला सविस्तर लिही, वाचायला आवडेल. जेवत जा. आणि आता माझ्या पत्राला उशीर झाला, तर काळजी करू नकोस. मी कामावर असेन.

तुझा,
गणूकाका